पुण्याहून पांडा बघायला : आजी-आजोबांसकट कुठे जावं?

निरंजना
जाणकारांनी प्रकाश टाकावा. घरातले सहा जण : सासू-सासरे (दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात), आम्ही दोघं आणि ६ व ११ वर्षांची मुलं. मुलांना पांडा बघायचाय. निमित्त जुना अल्बम. त्यात सासऱ्यांच्या थोरल्या भावाने वॉशिंग्टनहून पाठवलेला पांडाचा रंगीत फोटो आहे आणि त्याच पानावर पुण्याच्या पेशवे पार्कातला घरच्यांचा काळा-पांढरा फोटो. ते पान उघडलं की जेवणं थंड होतात, एवढ्या गप्पा रंगतात. तर पुण्याहून कुठे जाणं झेपेल, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी? आणि हे दोन फोटो कोणत्या सालचे असतील ते कसं काढायचं? दोघा भावांत त्यावरून वाद आहे. फोटो चिकट पानाला घट्ट बसलेत, तेही सांगून ठेवते.

हिशेबी
आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भारतातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात काळा-पांढरा जायंट पांडा नाही. कात्रजला नाही, राणीच्या बागेतही नाही (तिथे पेंग्विन आहेत, लहान मुलं दोघांची गल्लत करतात). आपल्याकडे आहे तो लाल पांडा. तो बघायला दार्जिलिंगचं पद्मजा नायडू हिमालयन झूऑलॉजिकल पार्क.

जायंटच हवा असेल तर देशाबाहेर जावं लागेल. तेव्हा जुने व्हिडिओ बघून बेत आखू नका. पांडे चीनकडून कराराने येतात आणि मुदत संपली की परत जातात. क्वालालंपूरची जोडी मे २०२५ मध्ये गेली. चियांग माईची लिन हुई एप्रिल २०२३ मध्ये वारली, त्यानंतर थायलंडात पांडा नाही. जपानात वाकायामाचे चार जून २०२५ मध्ये गेले, टोकियोच्या उएनोची जुळी जानेवारी २०२६ मध्ये. एडिंबराची जोडी त्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये. तरी इंटरनेटवरच्या 'पांडा कुठे बघाल' छापाच्या याद्यांत ही सगळी नावं अजून आहेत.

बाहेर जन्मलेलं पिल्लूसुद्धा चीनच्याच मालकीचं. सिंगापूरचं ले ले ऑगस्ट २०२१ मध्ये जन्मलं आणि जानेवारी २०२४ मध्ये चीनला गेलं. त्यामुळे पिल्लासाठी जाणार असाल तर ते दोन-तीन वर्षांचं व्हायच्या आत जा.

पुण्याहून विचार करण्याजोगी ठिकाणं : सिंगापूर (काई काई आणि जिया जिया, २०१२ पासून), हाँगकाँगचं ओशन पार्क (तिथली जुळी १५ ऑगस्ट २०२४ ची, मुलांना तारीख लगेच पाठ होईल), इंडोनेशियात बोगोरचं तामान सफारी (२०१७ पासून), कतारमधलं अल खोर (२०२२ पासून) आणि अर्थात खुद्द चेंगडू. गुडघे सांभाळायचे असतील तर सिंगापूर, खिसा सांभाळायचा असेल तर दार्जिलिंग. चेंगडू ज्येष्ठांना घेऊन नको असं माझं मत. आवार अवाढव्य आहे आणि तापमान २६ अंशांच्या आसपास गेलं की पांड्यांना आत घेतात, म्हणजे उन्हाळ्यात भल्या सकाळी रांगेत उभं राहणं आलं.

टवाळ_शनिवारी
झोपलेला पांडा बघायला एवढा खर्च? दुपारी १ ते ४ आमच्या पेठेतल्या कुठल्याही दुकानात डोकवा.

बांबूवाला
@टवाळ, पेठेतल्या झोपेचं कारण मला सांगता येणार नाही, पण पांड्याच्या झोपेचं सांगतो. वेळ कोणती निवडायची तेही त्यातूनच कळतं.

पांड्याचं आतडं मांसाहारी प्राण्याचं, आखूड. खाणं मात्र बांबूचं. खाल्लेल्यातलं जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतं. ही तूट तो दोन उपायांनी भरून काढतो : भरपूर खायचं आणि हालचाल कमीत कमी करायची. दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू जातो. आकड्यात एवढा फरक पडतो कारण कधी पानं, कधी खोड, तर कधी कोंब असतात. कोंबांत, म्हणजे आपल्याकडच्या वास्त्यांत, पाणी जास्त म्हणून वजनही जास्त. दिवसाचे १० ते १६ तास खाण्यात जातात, उरलेले बहुतेक झोपेत. म्हणून 'नशिबात असेल तर दिसेल' म्हणत फिरण्यात अर्थ नाही. ताजा बांबू टाकला की तो जागा असतो. तिकिटाची वेळ निवडण्याआधी त्या झूच्या संकेतस्थळावर खाऊ घालण्याची वेळ बघा, नसेल तर पोचल्यावर पहिल्या कर्मचाऱ्याला विचारा.

मुलांना काय दाखवायचं? पुढचा पंजा. मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय, त्याच्या आधाराने तो कांडं धरतो. मग कांडं तोंडाच्या कडेला नेऊन दाढांनी हिरवी साल सोलतो, साल बाजूला टाकतो आणि आतला गाभा चावतो. एक कांडं संपेपर्यंत बघा. आजोबांना ऊस सोलून खायची सवय असेल तर ते स्वतःच समजावून सांगतील. आणि सहा वर्षांच्या माणसासाठी सर्वात मोठी बातमी : पांडा दिवसातून चाळीसेक वेळा शी करतो आणि तिला फारशी दुर्गंधी नसते.

डोंगरवाट
दार्जिलिंगबद्दल लिहितो.

झूला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. (कात्रजची बुधवारी, ती सवय डोक्यात ठेवून गेलात तर फसाल.) १९५८ साली सुरू झालेलं, सुमारे ७,००० फुटांवरचं हे झू आहे. उंची महत्त्वाची अशासाठी की लाल पांड्याला २५ अंशांच्या वरची उष्णता सोसत नाही. खालच्या शहरात ठेवायचा तर खोली थंड करावी लागते, इथे तो उघड्या झाडावर असतो. हिमबिबळ्या आणि हिमालयन लांडगाही इथेच दिसतात. लाल पांड्याचं पैदास केंद्र तोपके दारा इथे वेगळं आहे, ते पर्यटकांसाठी नाही. तिथे जाऊ म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या नादी लागू नका.

लाल पांडा दिसतो ३ ते ६ किलोचा, मांजराहून थोडा मोठा. जायंटचा तो जवळचा नातलग नाही, त्याचं कुळच स्वतंत्र. पहाटे आणि संध्याकाळी हिंडतो, दुपारी फांदीवर पोट टेकून चारी पाय खाली सोडून झोपतो. म्हणून गेट उघडताच आत शिरा आणि वाटेत कशाला न थांबता थेट त्याच्या खंदकापाशी जा, बाकीचे प्राणी परतताना बघा. बहुतेक लोक उलट करतात, अस्वलं-वाघ बघत अकरा-साडेअकराला पोचतात आणि फांदीवरून लोंबणारं शेपूट बघून परततात. खाली जमिनीवर शोधू नका, नजर वर ठेवा. पोट आणि पाय काळे असल्याने खालून बघताना तो सावलीत हरवतो. पट्ट्यापट्ट्यांची शेपटी आधी सापडते.

महिने : मार्चअखेर ते एप्रिल, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. पिल्लं जून-जुलैत होतात आणि तीनेक महिने ढोलीतच असतात, त्यामुळे पिल्लू दिसलंच तर दिवाळीच्या आसपास. पावसाळ्यात दरडी पडतात आणि धुकं इतकं दाट असतं की समोरचं झाड दिसत नाही.

गुडघ्यांबद्दल खरं सांगायचं तर आत चढ आहे आणि तो टळत नाही. गावातल्या चौरस्ता या चौकातून चालत जाण्याचा हट्ट नको, गाडीने गेटपर्यंत जा. सासूबाईंसाठी घडीची काठी आणि घडीचं स्टूल न्या. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, तेव्हा परतीला जास्त वेळ धरा.

अजून एक. हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट त्याच आवारात आहे आणि तेनसिंग नोर्गे यांची समाधीही. १९५३ ची एव्हरेस्टची बातमी ज्यांनी शाळेत असताना ऐकली, त्या पिढीला पांड्यापेक्षा तिथे जास्त वेळ लागतो. दोन्ही एका दमात उरकू नका, मध्ये चहा.

चष्मिस
सिंगापूर. पांडे रिव्हर वंडर्समध्ये आहेत, सिंगापूर झूमध्ये नाहीत. दोन्ही मंडाईतच (आपली महात्मा फुले नव्हे) शेजारी-शेजारी, पण तिकिटं वेगळी. चुकीचं तिकीट काढून दारात उभे राहणारे नेहमी दिसतात. वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते. मेट्रोच्या खातीब स्थानकावरून शटल बस आहे. वाट सपाट, उतरणी रुंद, चाकाची खुर्ची नीट जाते. त्याच दालनात लाल पांडाही आहे, म्हणजे मुलांना दोन्हींतला फरक जागेवर कळतो.

दालन १८ ते २२ अंशांवर ठेवलेलं असतं आणि बाहेर दमट ३१-३२. आजी-आजोबांसाठी शाल किंवा स्वेटर हातात ठेवा. आत जाताना काही होत नाही, घोटाळा बाहेर पडताना होतो : थंड झालेल्या चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर बाहेरची वाफ धरते. नेमकी त्याच वेळी पायरी आली तर ज्येष्ठ माणूस अडखळतो. दाराबाहेर दोन मिनिटं थांबा, चष्मा पुसू द्या, मग चला. कॅमेरा आतच झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि पंधरा मिनिटांनी उघडा. ओल पिशवीवर धरेल, भिंगावर नाही.

काई काई आणि जिया जिया वेगवेगळ्या कक्षांत असतात, कारण पांडा मुळात एकलकोंडा. 'भांडण झालंय का त्यांचं?' असं आज्या हमखास विचारतात. मादी वर्षातून एकदाच, तेही एक ते तीन दिवस माजावर येते. तिथे हिवाळा-वसंत नसल्यामुळे दालनातलं तापमान आणि उजेडाचे तास बदलून ऋतूचा भास निर्माण करतात. त्या सुमाराला दालन अधूनमधून बंद असतं, तेव्हा जायच्या आठवड्यात सूचना बघून घ्या.

हिशेबी
सिंगापूरच्या कागदपत्रांची भर घालतो. व्हिसा स्वतः थेट काढता येत नाही, मान्यताप्राप्त एजंटामार्फतच. फॉर्म १४ए, पासपोर्टची मुदत किमान सहा महिने, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. ज्येष्ठांच्या पासपोर्टवर नाव-आडनावाचे रकाने अनेकदा उलटसुलट असतात. तिकिटावर अगदी तसंच घाला, दुरुस्त करायला जाऊ नका. एसजी अरायव्हल कार्ड पोचण्याच्या दिवसासकट शेवटच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही.

औषधांचं मात्र मनावर घ्या. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या (अल्प्राझोलाम वगैरे) आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं नेण्यापूर्वी तिथल्या हेल्थ सायन्सेस अथॉरिटीची परवानगी लागते. ज्येष्ठांच्या डब्यात या गोळ्या हमखास सापडतात. मूळ पाकीट आणि डॉक्टरांची टाइप केलेली चिठ्ठी सोबत ठेवा. विमा घेताना रक्तदाब-मधुमेह लपवू नका. लपवला तर दावा नाकारायचं कारण तुम्हीच दिलंत.

विमानतळावरची चाकाची खुर्ची किमान ४८ तास आधी नोंदवा. 'चालता येतं मला' म्हणून आजोबा नकार देतील. त्यांना सांगा की खुर्चीसोबतच्या माणसामुळे इमिग्रेशनची रांग लवकर सुटते. लगेच बसतात.

अल्बमवेडी
आता फोटोंकडे वळते, या धाग्याचा खरा ऐवज तोच आहे.

वॉशिंग्टनचा फोटो : तिथल्या नॅशनल झूमध्ये लिंग-लिंग आणि शिंग-शिंग एप्रिल १९७२ मध्ये आले. मादी लिंग-लिंग १९९२ च्या डिसेंबरात वारली, शिंग-शिंग १९९९ च्या नोव्हेंबरात. पुढची जोडी आली डिसेंबर २०००. तेव्हा फोटोत दोन पांडे एकत्र असतील तर १९७२ ते ९२, नाहीतर २००० नंतरचा. एकटाच असेल तर मात्र त्यावरून काही ठरत नाही, कारण दोघांना बऱ्याचदा वेगळं ठेवत. ज्यांच्या घरी लंडनचं पोस्टकार्ड आहे त्यांच्यासाठी : ची-ची १९५८ ते १९७२. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या १९६१ च्या बोधचिन्हामागे तीच. १९७४ पासून चिया-चिया आणि चिंग-चिंग.

फोटो सुटला तर मागची बाजू बघा. कागदाच्या कंपनीचा छाप असतो, काही लॅब महिना-साल छापत. स्लाइड असेल तर सोपं, कोडॅकने धुतलेल्या स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि साल उमटवलेलं असतं. रंगीत प्रिंट लालसर झाली असेल तर घाबरू नका. त्या काळच्या कागदातला निळसर रंग आधी उडतो, म्हणून लाल उरतो. स्कॅन केल्यावर बराच परत आणता येतो.

पेशवे पार्कचा फोटो : फुलराणी (उद्यानातली छोटी रेल्वे) दिसत असेल तर ८ एप्रिल १९५६ नंतरचा, त्या दिवशी ती सुरू झाली. उद्यान १९५३ चं. पिंजरे दिसत असतील तर वरची मर्यादाही मिळते, कारण कात्रजचं संग्रहालय १९९९ मध्ये उघडलं आणि प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. त्यापलीकडे माणसांवरून ठरवायचं. सर्वांत लहान मूल शोधा, त्याचा जन्मदाखला घरात असतोच. उभं आहे, धरून चालतंय की कडेवर आहे यावरून सहा महिन्यांच्या आत साल सापडतं. भावांचे वाद आठवणीने मिटत नाहीत, असल्या पुराव्याने मिटतात.

निरंजना
दोन पांडे आहेत, म्हणजे सासरे जिंकायच्या बेतात आहेत. फोटो सोडवायचे कसे? ओढून बघायची हिंमत होत नाही.

अल्बमवेडी
ओढू नकाच. ती प्लास्टिकची पापुद्र्याची, खाली चिकट रेघा असलेली पानं वाईट. डिंक वर्षानुवर्षं पिवळा होत घट्ट बसतो.

आधी पान जसं आहे तसं खिडकीच्या उजेडात मोबाइलवर टिपून घ्या, फाटलं तरी काहीतरी हाती राहील. मग वरचं प्लास्टिक सावकाश, फोटोला समांतर ओढत मागे न्या. सरळ वर उचललं तर चिकटलेला थर सोबत येतो. दातांत फिरवायचा दोरा, मेण नसलेला, फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा हलवत पुढे न्या. फोटो वाकवायचा नाही, वाकवायचाच तर पान वाकवा. दोरा अडला की थांबा आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू करा. केस वाळवायचं यंत्र अनेक जण सुचवतात. माझा विरोध आहे : उष्णतेने डिंक मऊ होतो तशी प्रिंटही गुंडाळते. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा, काही बिघडत नाही.

स्कॅन : पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, जुन्या चिमुकल्या कॉन्टॅक्ट प्रिंटला (निगेटिव्हच्याच आकाराच्या) १२००, स्लाइडला किमान २४००. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून पाठवला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागच्या बाजूचा मजकूरही स्कॅन करा, सगळे तेच विसरतात. आणि मागे बॉलपेनने नवीन काही लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने.

दूरचा_मामेभाऊ
आठवणी रेकॉर्ड करण्याबद्दल. प्रवासाला निघण्याआधी घरीच, फोटो समोर ठेवून, फोन विमान मोडवर टाकून करा. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत, पुढे आवाज थकतो. पंखा बंद, मिक्सर बंद. पहिला प्रश्न 'हे कोण' असा नको, त्याचं उत्तर नावांची यादी असतं. 'फोटो कुणी काढला?' असं विचारा. जो माणूस फोटोत नाही त्याच्यापासून गोष्ट सुरू होते : कॅमेरा कुणाचा, तो का मागितला, रोल कुठे धुतला, त्या दिवशी बसने आले की टांग्याने, डब्यात काय होतं. आजी-आजोबांना आधी वेगवेगळं बसवा. एकत्र बसले की एक जण बोलतो आणि दुसरा दुरुस्त्या करतो. नंतर एकत्र बसवा, कारण त्या दुरुस्त्याही हव्यात.

जुनीच चौकट पुन्हा टिपायची असेल तर पिंजरे आता नाहीत, तिथे पेशवे ऊर्जा उद्यान आहे. मागे पर्वतीचा उतार आला असेल तर त्यावरून उभं राहायची जागा अंदाजे जुळवता येते. जुन्या कॅमेऱ्याची भिंगं आजच्या मोबाइलइतकी रुंद नसत, म्हणून चार पावलं मागे जा आणि दुप्पट झूम ठेवा, तरच चेहरे आणि टेकडी यांचं प्रमाण जमेल.

चष्मिस
फोटोंचं निघालंच आहे तर, पांडा हा मोबाइलला चकवणारा प्राणी. काळा भाग मोठा दिसला की फोन चित्र उजळ करतो आणि पांढरं अंग कोऱ्या कागदासारखं होतं. पांढऱ्या केसांवर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. लाल पांड्याचं उलट, मागे आकाश असल्याने तो काळा ठिपका होतो. तिथे उजेड वर ओढा. काच असेल तर भिंग काचेला टेकवा, गडद कपडे घाला. फ्लॅश बंद, तो नियमही आहे आणि काचेत त्याचं प्रतिबिंबच येतं.

टवाळ_शनिवारी
मानलं. पण सहा जणांत पहिला कोण दमणार हे आधी कळायला हवं.

डोंगरवाट
@टवाळ, पहिल्यांदाच कामाचं बोललात. रंगीत तालीम कात्रजला करा. बुधवार सोडून, सकाळी. जाताना सासूबाईंना चालू द्या, येताना बॅटरीच्या गाडीने. किती वेळाने बसावंसं वाटतं ते बघा. पाऊण तासाच्या आत बसावं लागलं तर दार्जिलिंगचा चढ विसरा, सिंगापूर बघा.

निरंजना
तालीम या रविवारी. जमलं तर मार्चअखेर दार्जिलिंग, जायंट पांडा पुढच्या वर्षी. बागडोग्र्याला बुधवारी दुपारी उतरणारं विमान स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

डोंगरवाट
घ्या, पण त्याच दिवशी वर पोचायची घाई नको. बागडोग्रा ते दार्जिलिंग साधारण ७० किलोमीटर असलं तरी तीन तास धरा, घूमला गाड्या तुंबतात. मुलांना वळणं लागत असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी द्या, ओकारी सुरू झाल्यावर उपयोग नाही. बुधवारी रात्री कर्सियांगला मुक्काम केलात तरी चालेल. गुरुवारी झू बंदच, तेव्हा त्या दिवशी छोट्या रेल्वेने (टॉय ट्रेनने) बतासियाचा वळसा आणि घूम करा. घूम ७,४०७ फुटांवर आहे, भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. तिकिटं आधी काढा, ऐन वेळी मिळत नाहीत. झू शुक्रवारी सकाळी, गेट उघडायच्या दहा मिनिटं आधी.

हिशेबी
आणि गाडी ठरवताना सहा माणसं अधिक सामान असं सांगा. नुसतं सहा माणसं सांगितलं की बॅगा मांडीवर येतात.